चार ओळींची पाटी आणि एक दोर: ब्रिस्टलच्या कोल्स्टन पुतळ्याचे प्रकरण

मार्च २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ब्राँझची एक पाटी ओतून तयार होती. मजकूर ठरलेला होता, अक्षरे उमटलेली होती, फक्त चौथऱ्यावर ठोकायचे बाकी होते. महापौरांनी ती अडवली. पुढे पंधरा महिन्यांनी, ७ जून २०२० रोजी, त्याच चौथऱ्यावरचा पुतळा लोकांनी दोर लावून खाली ओढला, रस्त्यावरून गडगडत नेला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. ती दृश्ये जगभर दिसली. पाटीची गोष्ट ब्रिस्टलबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. पुतळे हटवण्याच्या वादात पडणाऱ्याने आधी ती पाटी वाचावी, असे मला वाटते.

माणूस

एडवर्ड कोल्स्टन १६३६ साली ब्रिस्टलच्या एका व्यापारी घराण्यात जन्मला. आयुष्याचा बराचसा काळ त्याने लंडनमध्ये काढला. कापड, तेल, वाइन, फळे असा त्याचा व्यापार स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीपर्यंत पसरला होता. १६८० मध्ये तो रॉयल आफ्रिकन कंपनीत शिरला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे विकत घेऊन अटलांटिकपार नेण्याची मक्तेदारी इंग्लंडमध्ये तेव्हा या कंपनीकडे होती. १६८९-९० मध्ये तो कंपनीचा उपगव्हर्नर होता आणि १६९२ मध्ये बाहेर पडला. या बारा वर्षांत कंपनीच्या जहाजांनी सुमारे ८४,००० आफ्रिकी स्त्रिया, पुरुष आणि मुले नेली आणि त्यांतले सुमारे १९,००० वाटेतच मेले, असा अंदाज आहे. माल ओळखू यावा म्हणून कंपनीची आद्याक्षरे माणसांच्या अंगावर डागली जात.

दुसरी बाजूही खरी आहे. ब्रिस्टलमध्ये त्याने वृद्ध निराधारांसाठी घरे बांधली, मुलांसाठी निवासी शाळा काढली, चर्चना देणग्या दिल्या. १७१० ते १७१३ या काळात तो ब्रिस्टलचा खासदार होता. दानाला अटी होत्या. जो अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, पंथाचा नाही, त्याला या दानाची दारे बंद. लग्न केले नव्हते, मूलबाळ नव्हते. १७२१ मध्ये तो वारला तेव्हा त्याचा देह लंडनजवळून ब्रिस्टलला आणून पुरण्यात आला. त्याच्या नावाने मंडळे निघाली आणि दरवर्षी मेजवान्या झडू लागल्या. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतेच, पण इथे दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थाही उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या काही जवळजवळ तीनशे वर्षे टिकल्या.

पुतळा त्याच्या काळाचा नाही

पुतळा उभा राहिला १३ नोव्हेंबर १८९५ रोजी, म्हणजे कोल्स्टनच्या मृत्यूनंतर १७४ वर्षांनी. तोवर ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालून ८८ वर्षे झाली होती आणि गुलामगिरी संपवणारा कायदा होऊन ६२. गुलामगिरी वाईट होती यावर १८९५ च्या ब्रिस्टलमध्ये दुमत नव्हते. पुतळ्याची कल्पना मांडणाऱ्यांनी त्या व्यवसायाचा उल्लेखच टाळला आणि चौथऱ्यावर कोरले की, शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एकाचे हे स्मारक ब्रिस्टलच्या नागरिकांनी उभारले.

यातल्या ‘नागरिकांनी’ या शब्दाशी जरा थांबायला हवे. पुढाकार घेतला होता जेम्स अॅरोस्मिथ या मुद्रक-प्रकाशकाने. कोल्स्टनच्या नावाने दानधर्म करणाऱ्या मंडळांपैकी एकाचा तो अध्यक्ष होता. वर्गणीसाठी आवाहने झाली, पण पैसे पुरेसे जमेनात. अनावरण झाले तेव्हाही हिशेबात तूट होती.

मग घाई कसली होती? १८८९ पासून ब्रिस्टलमध्ये संपांची लाट होती. डिसेंबर १८९२ मध्ये कामगारांच्या मिरवणुकीवर घोडदळ घालण्यात आले होते. अशा शहरात एका उदार श्रीमंताचा पुतळा मधोमध उभा करायचा, म्हणजे श्रीमंत आणि गरीब यांचे नाते दात्याचे आणि कृतज्ञाचे असते असे ब्राँझमध्ये सांगायचे, असा अर्थ काही इतिहासकार लावतात. मला तो पटतो. शिल्पकार जॉन कॅसिडीने कोल्स्टनला विचारात गढलेला, हनुवटीला हात लावून काठीवर रेललेला दाखवला आहे. चेहऱ्यावर श्रीमंतीचा माज नाही. चिंतातुर पालकासारखा दिसतो तो.

म्हणून ‘पुतळा काढला की इतिहास पुसला जातो’ हे वाक्य ऐकले की मी विचारतो, कुठल्या शतकाचा? १६८० च्या दशकाबद्दल हा पुतळा काहीच सांगत नव्हता. १८९५ बद्दल बरेच सांगत होता, पण ते ऐकायला कुणीतरी शेजारी उभे राहून समजावून द्यावे लागे. तेवढ्यासाठीच पाटी हवी होती.

पाटी

कोल्स्टनचा कंपनीशी असलेला संबंध १९२० मध्येच एका स्थानिक धर्मगुरूने चरित्र लिहून उघड केला होता. पुढची सत्तर वर्षे ते कुणी मनावर घेतले नाही आणि १९७७ मध्ये पुतळा संरक्षित वास्तूंच्या यादीतही गेला. १९९८ च्या जानेवारीत चौथऱ्यावर कुणीतरी रंगाने ‘गुलामांचा व्यापारी’ असे लिहिले. ‘मॅसिव्ह अॅटॅक’ हा ब्रिस्टलचाच संगीतसमूह शहरातल्या कोल्स्टन हॉलमध्ये कार्यक्रम करायला नकार देत राहिला. २०१८ च्या मे महिन्यात पुतळ्याच्या पायात लाल लोकरीने विणलेली बेडी आणि गोळा दिसला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला, गुलामगिरीविरोधी दिवशी, पुतळ्यासमोर जहाजाच्या तळाच्या आकारात शंभरेक मानवी आकृत्या आडव्या मांडलेल्या होत्या आणि कडेला आजच्या वेठबिगारांच्या कामांची नावे लिहिली होती. कायदा न मोडता जे जे करता येते ते बहुतेक करून झाले होते, हे पुढे ‘झुंडशाही’ हा शब्द वापरताना लक्षात ठेवायला हवे.

२०१८ मध्ये महापालिकेने दुसरी, खुलासा करणारी पाटी लावायचे ठरवले. मॅज ड्रेसर या इतिहासकार आणि कोल्स्टनचे नाव असलेल्या प्राथमिक शाळेतली मुले यांनी मजकुरावर काम केले. जुलैमध्ये मसुदा पुढे आला. त्यात चार गोष्टी होत्या. कंपनीचा उच्चाधिकारी म्हणून कोल्स्टनने ८४,००० हून अधिक आफ्रिकींना गुलाम करण्यात सक्रिय वाटा उचलला, त्यांत १२,००० मुले होती आणि १९,००० हून अधिक माणसे वाटेत मेली. स्पॅनिश गुलाम-व्यापारात आणि गुलामांनी पिकवलेल्या साखरेतही त्याचा पैसा होता. टोरी, म्हणजे तेव्हाच्या राजनिष्ठ-परंपरावादी गटाचा, खासदार म्हणून त्याने शहराच्या या व्यापाराच्या ‘हक्काची’ पाठराखण केली. आणि त्याच्या धार्मिक-राजकीय मतांशी सहमत नसणाऱ्यांना त्याच्या दानाचा लाभ मिळत नसे.

यावर वाद पेटला. एका हुजूरपक्षीय नगरसेवकाने तर ही पाटी लागलीच आणि कुणी ती पळवली, तर ते समर्थनीय ठरू शकेल असे सुचवले. सार्वजनिक जागेतली न पटणारी वस्तू स्वतःच्या हाताने हटवावी, हा विचार पुतळ्याच्या विरोधकांच्या आधी समर्थकांच्या तोंडून निघाला होता, ही गंमत पुढच्या गदारोळात हरवली.

मग मजकूर दुरुस्तीला गेला. सोसायटी ऑफ मर्चंट व्हेंचरर्स या शहरातल्या जुन्या व्यापारी संस्थेच्या एका सदस्याने त्यावर हात फिरवला. संस्थेला १५५२ ची राजसनद आहे आणि कोल्स्टन स्वतः तिचा सदस्य होता. दुरुस्त मजकुरात आकडे राहिले, पण मांडणी पार बदलली. आता सुरुवातीला कोल्स्टन हा शहराच्या सर्वांत थोर दात्यांपैकी एक, मग शाळा, आश्रयगृहे, इस्पितळे, चर्च, मग त्यातल्या अनेक संस्था आजही चालू आहेत हे, मग पुतळा या दानशूरपणाच्या स्मरणार्थ उभारला हे. एवढे झाल्यावर संपत्तीचा मोठा भाग गुलामांच्या व्यापारातून आला हे, आणि शेवटी, कंपनीचा अधिकारी म्हणून तो सुमारे ८४,००० गुलाम आफ्रिकींच्या वाहतुकीतही सहभागी होता हे.

‘गुलाम करण्यात सक्रिय वाटा’ होता, त्याचे ‘वाहतुकीतही सहभागी’ झाले. पहिल्या वाक्यात ती माणसे आहेत आणि कुणीतरी त्यांना गुलाम करते. दुसऱ्यात ती आधीच गुलाम आहेत, जणू तशीच किनाऱ्यावर सापडली, आणि प्रश्न फक्त नेण्या-आणण्याचा उरतो. १२,००० हा मुलांचा आकडा गेला आणि नुसती ‘लहान मुले’ राहिली. ‘टोरी’ गेले, पंथाची अट गेली. ‘ही’ एवढ्याशा अव्ययाने सगळा व्यापार तळटीप होऊन बसला. यातले एकही विधान खोटे नाही, आणि म्हणूनच हा मजकूर मला पहिल्यापेक्षा जास्त अभ्यासण्यासारखा वाटतो. खोटे न बोलता किती लपवता येते, याचा हा उत्तम नमुना आहे.

या मजकुराची पाटी ओतूनही झाली. तेव्हा महापौर मार्विन रीस यांच्या कार्यालयाने मजकूर अमान्य असल्याचे जाहीर केले. रीस यांचे वडील जमैकाचे. थेट निवडून आलेले युरोपातले ते पहिले कृष्णवर्णीय महापौर मानले जातात. आपल्याला विचारलेच नव्हते, असे त्यांच्या बाजूचे म्हणणे होते. नवा मजकूर करू, असे सांगण्यात आले आणि घोंगडे भिजत पडले.

रीस यांनी पाटी अडवली ते मला चुकीचे वाटत नाही. चूक पुढे झाली. कोणता मजकूर, कुणी, किती दिवसांत ठरवायचा आणि एकमत झालेच नाही तर निर्णय कुणाचा, हे ठरवलेच गेले नाही. तोवर चौथऱ्यावर १८९५ चा ‘सद्गुणी आणि शहाणा’ एकटाच राहिला. एकमताची वाट पाहणे ही तटस्थ भूमिका वाटते खरी, पण ज्याची पाटी आधीच लागलेली असते त्याच्या ती फायद्याची असते.

दोर

२५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा, पोलिसाने मानेवर गुडघा दाबून ठेवल्याने, मृत्यू झाला. त्याच्या निषेधार्थ ब्रिस्टलमध्ये ७ जूनला निघालेल्या मोर्चात सुमारे दहा हजार लोक होते. पुतळा हटवावा या मागणीच्या अर्जावर तोवर ११,००० हून अधिक सह्या झाल्या होत्या. पुतळा पडल्यावर काहींनी त्याच्या मानेवर गुडघा टेकवला. मग तो बंदराकडे नेऊन पेरोज ब्रिजजवळ पाण्यात टाकला. या पुलाला पेरो जोन्स या गुलामाचे नाव आहे. त्याला ब्रिस्टलच्या एका साखर-व्यापाऱ्याने कॅरिबियनमधून आणले होते. एकाचे नाव पुलाला, दुसऱ्याचा पुतळा त्याच पुलाच्या पायथ्याशी तळाला! कथेत लिहिले असते तर संपादकाने कृत्रिम म्हणून काढून टाकले असते.

पोलिसांनी हस्तक्षेप केला नाही. गर्दीत शिरलो असतो तर माणसे जखमी झाली असती, असा त्यांचा हिशेब होता. गृहमंत्री प्रीती पटेल यांनी घटनेला अत्यंत लाजिरवाणी म्हटले. रीस यांनी मालमत्तेच्या नुकसानीचे समर्थन करता येणार नाही असे सांगितले, आणि हा पुतळा आपल्याला वैयक्तिक अपमान वाटत आला आहे हेही लपवले नाही. मर्चंट व्हेंचरर्सनी त्याच आठवड्यात कबूल केले की २०१८ मध्ये पाटीच्या मजकुरात हात घालणे आपल्याला शोभणारे नव्हते आणि पुतळा गेला हे शहरासाठी योग्यच झाले. हेच दोन वर्षे आधी सुचले असते तर! वरातीमागून घोडे.

पाण्यातून वर

११ जूनच्या पहाटे महापालिकेने पुतळा वर काढला. इथून पुढे मात्र शहराने जे केले त्याला मी मनापासून दाद देतो. संवर्धकांनी गाळ धुतला, पण अंगावरचा लाल-निळा रंग धुतला नाही, उलट तो टिकेल अशी व्यवस्था केली. आतून १८९५ चा ‘टिट-बिट्स’ साप्ताहिकाचा अंक निघाला. त्यावर पुतळा बसवणाऱ्यांनी आपली नावे हाताने लिहून ठेवली होती.

रिकाम्या चौथऱ्यावर १५ जुलैच्या पहाटे शिल्पकार मार्क क्विनने एका कृष्णवर्णीय आंदोलक महिलेचा मूठ उंचावलेला पुतळा परवानगीविना आणून बसवला. महापालिकेने तो दुसऱ्याच दिवशी उतरवला. त्यावर टीका झाली, पण मला तो निर्णय योग्य वाटतो. १८९५ मध्ये चार प्रतिष्ठितांनी शहराच्या नावाने पुतळा बसवला होता आणि २०२० मध्ये एका नामवंत कलाकाराने तेच केले. शहराला विचारायचे दोघांच्याही मनात आले नाही.

त्या सप्टेंबरात इतिहास आयोग नेमला गेला. ४ जून २०२१ पासून पुतळा ‘एम शेड’ या शहराच्या संग्रहालयात आडवा ठेवला गेला आणि लोकांची मते मागवली गेली. जवळजवळ १४,००० जणांनी ती कळवली. शहरातल्या उत्तर देणाऱ्यांपैकी पाचात चौघांना पुतळा ब्रिस्टलच्याच संग्रहालयात हवा होता. चौथऱ्यावर परत बसवा म्हणणारे बरेच कमी होते. ही मते आपणहून आलेली असल्याने त्यांना सार्वमत म्हणता येणार नाही. तरीही मजकुराच्या चार ओळींवर अडलेले शहर पुतळ्याच्या जागेबद्दल इतके स्पष्ट बोलले, हे विशेषच.

न्यायालय

चौघांवर मालमत्तेच्या नुकसानीचा खटला चालला. पुतळ्याचे नुकसान ३,७५० पौंडांचे सांगितले गेले. आपण काय केले हे चौघांनी नाकारले नाही. बचाव असा होता की असा पुतळा मिरवणे हाच मुळात गुन्हा होता, शहरातले लोकच त्याचे मालक आहेत आणि त्यांची संमती असेल असा आमचा प्रामाणिक समज होता, शिवाय शिक्षा केली तर ती अभिव्यक्तीच्या हक्कावरची अवाजवी बाधा ठरेल. इतिहासकार डेव्हिड ओलुसोगा यांची साक्ष झाली. ५ जानेवारी २०२२ रोजी ज्युरीने अकरा विरुद्ध एक मतांनी चौघांना निर्दोष सोडले.

ज्युरी कारणे देत नाही. तिने वरचा कुठला मुद्दा उचलला हे कुणालाच कळणार नाही, त्यामुळे ‘न्यायालयाने पुतळे पाडणे वैध ठरवले’ हे वाक्य सरळ चूक आहे. महान्यायवादींनी कायद्याचा प्रश्न अपील न्यायालयात नेला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की मोठ्या नुकसानीच्या अशा कृत्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची ढाल मिळत नाही. चौघांची सुटका कायम राहिली, पण पुढच्यांसाठी ती वाट बंद झाली. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने स्मारकांच्या नुकसानीला, किंमत कितीही कमी असो, दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची सोय केली.

आज हा, उद्या कोण?

या भीतीला ब्रिस्टलमध्येच उत्तर आहे. कोल्स्टनच्या चौथऱ्यापासून हाकेच्या अंतरावर अठराव्या शतकातला विचारवंत आणि ब्रिस्टलचा खासदार एडमंड बर्क याचा पुतळा आहे, १८९४ चा. शेकडो लोक, हातात दोर, बंदोबस्त नाही आणि तरी बर्कला कुणी हात लावला नाही. हेही मान्य करतो की त्याच दिवशी लंडनमध्ये चर्चिलच्या पुतळ्यावर रंगाने लिहिले गेले, म्हणजे विवेक प्रत्येक मोर्च्यात असेलच असे नाही. ब्रिस्टलच्या लोकांनी बर्कला सोडले ते त्याच्याविरुद्ध वीस वर्षांची तक्रार साचलेली नव्हती म्हणून.

‘त्या काळाच्या मापाने मोजा’ हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो, पण त्या काळाचेही माप एकच नव्हते. कोल्स्टन कंपनीत असतानाच, १६८८ मध्ये, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता. आणि जहाजाच्या तळाशी साखळीत असलेले ८४,००० जण त्याच काळाचे होते. त्यांचे मत काय असेल, यासाठी कागद शोधायची गरज नाही.

मला स्वतःला शेवटपर्यंत न सुटलेला प्रश्न वेगळाच आहे. पुतळा रीतसर, क्रेन लावून, एखाद्या मंगळवारी सकाळी उतरवला असता तर आज संग्रहालयात लोक त्याच्यापाशी थांबले असते का? बहुधा नाही. तो रंग, ती गर्दी हाच आता त्या वस्तूचा अर्थ आहे. पण मग योग्य प्रक्रियेची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्याने त्या वस्तूसमोर उभे राहून काय म्हणावे? पुतळा गेला हे बरे झाले आणि महापालिकेने तो न हलवता लोकांवर सोडला हे वाईट झाले, अशी दोन्ही वाक्ये मी एकदम म्हणतो. ती एकमेकांत पुरती बसत नाहीत.

तिसरा मजकूर

आयोगाने चौथरा आणि त्यावरच्या १८९५ च्या पाट्या तशाच ठेवून शेजारी नवी पाटी लावण्याची शिफारस केली. २०२४ मध्ये पुतळा संग्रहालयात कायमचा ठेवायला परवानगी मिळाली आणि मार्चपासून तो एम शेडमध्ये, शहरातल्या आंदोलनांवरच्या प्रदर्शनात, रंगासकट आडवा ठेवला आहे.

नव्या मजकुरात कोल्स्टनला शहराचा दाता म्हणून गौरवणारा पुतळा इथे १३ नोव्हेंबर १८९५ रोजी उभारला गेला असे आहे. आफ्रिकी लोकांना गुलाम करण्यातल्या त्याच्या ठळक भूमिकेमुळे या गौरवाला पुढे वाढता विरोध झाला, ७ जून २०२० रोजी पुतळा खाली ओढून बंदरात लोटला गेला आणि शहराशी विचारविनिमय करून तो संग्रहालयात गेला, असे पुढे येते. ‘गुलाम करणे’ हे क्रियापद परत आले आहे. ८४,००० चा आकडा नाही, १२,००० मुलेही नाहीत. पाटीचे निम्मे शब्द आता कोल्स्टनबद्दल नसून पुतळ्याबद्दल आहेत.